रुमालाखालचा हात

पेठ गजबजलेली असावी, भोवती बघ्यांची दाटी असावी, आणि त्या सर्वांच्या देखत दोन व्यापाऱ्यांनी समोरासमोर बसून, एकाच्या शेल्याचे टोक दोघांच्या हातांवर ओढून घेऊन, त्या वस्त्राच्या आड बोटांनी बोटे धरीत हजारोंचा सौदा एक अक्षरही न उच्चारता पुरा करावा, ही जी आपल्या देशातील जुनी चाल, तिचे बारकाईने केलेले वर्णन झाँ बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. सुरतेच्या बंदरातून तो हिंदुस्थानात अनेक वेळा आला-गेला. ही चाल मात्र त्याने पाहिली ती गोवळकोंड्याकडील हिऱ्यांच्या खाणींवर. सबंध पंजा धरला म्हणजे हजार, एकच बोट धरले म्हणजे शंभर, बोट मधल्या पेरापर्यंतच धरले तर पन्नास आणि टोकाचे पेर धरले तर दहा, असा तो हिशेब. आपल्याकडील गुरांच्या बाजारांत आणि आडतीवर ‘हत्ता’ या नावाने हीच पद्धत अगदी परवापरवापर्यंत नांदत होती. रुमालाखालचा भाव माल आणणाऱ्या शेतकऱ्यास कळत नाही, म्हणून नियंत्रित बाजारांत तिला पुढे बंदी करावी लागली.

गर्दीच्या मध्यभागी दोघांपुरता एकांत निर्माण करण्याची ही युक्ती मला नेहमी विचारात पाडते. त्या रुमालाखाली दोन्ही हात सारखेच झाकलेले असत आणि दोन्ही हातांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा सारखीच असे. धनी आणि चाकर, अंमलदार आणि कारकून, शेठ आणि कारागीर यांच्यावर असा रुमाल कोणी कधी टाकला काय, आणि टाकला असल्यास त्याखाली चाकराच्या बोटांना काही सांगता आले काय, हा प्रश्न सुरतेच्या चारशे वर्षांच्या इतिहासास एकदा विचारून पाहावा, असे फार दिवसांपासून माझ्या मनात होते. आजच्या कचेऱ्यांतून वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या एकेका माणसास ठराविक दिवशी एकट्याने भेटावे अशी पद्धत रूढ होत आहे, आणि तिला मराठी माणसेसुद्धा ‘वन-ऑन-वन’ याच नावाने ओळखतात. आपल्याजवळ त्यासाठी शब्द नाही असे मुळीच नाही. ‘खल्वत’ म्हणजे एकांत हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचे ‘खलबत’ झाले. रायगडावर खलबतखाना म्हणून दाखविली जाणारी वास्तू आजही आहे. परंतु ‘त्यांची काही खलबते चालली आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात संशयाचा वास असतो. दोन माणसे दार लोटून बोलू लागली म्हणजे तिसऱ्याचे काही वाईट शिजत आहे, असे ज्या भाषेच्या अनुभवास वारंवार आले, तिने त्या निर्मळ शब्दाला हा अर्थ दिला असावा. ‘मुलाखत’ हा दुसरा शब्द. तो नोकरीच्या उमेदवारास व वर्तमानपत्रांस बहाल झाला. नोकरी लागण्यापूर्वी मुलाखत आणि लागल्यानंतर हजेरी, अशी ही वाटणी आहे.

सुरतेस इंग्रजांची वखार स्थिर झाली ती १६१३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टच्या गलबतांनी पोर्तुगीजांशी झुंज दिली, मोगल दरबाराचे मन वळले आणि जहांगिराचे फर्मान आले. पुढे १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस हलविले जाईपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील तिचा सारा कारभार तापीकाठच्या या घरातून चाले. येथल्या नोकरांची उतरंड मोठी काटेकोर होती: तळाशी ‘रायटर’ म्हणजे कारकून, त्यांच्यावर ‘फॅक्टर’, त्यांच्यावर व्यापारी, मग वरिष्ठ व्यापारी, आणि सर्वांच्या माथ्यावर प्रेसिडेंट. १६७४-७५ च्या सुमारास येथे असलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने कारकुनाचे वेतन सालिना १० पौंड नोंदविले आहे आणि पाच वर्षांच्या चाकरीचा करार सांगितला आहे. प्रेसिडेंटच्या मसलतीत हिशेबनीस, वखारीचा भांडारी, जहाजांच्या मालाचा अधिकारी आणि चिटणीस एवढे बसत. जे ठरे ते चिटणीस वहीत उतरवून घेई. त्या वहीत कापसाचे, निळीचे, कापडाचे भाव सापडतात. कोणत्या कारकुनाच्या मनात काय चालले होते, हे लिहून घेण्याचे कलम तिच्यात नव्हते.

तरीही ही माणसे एकमेकांपासून दूर राहत होती असे म्हणता येणार नाही, आणि या प्रकरणातील मला सर्वांत उद्बोधक वाटणारी गोष्ट हीच आहे. १६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्त फोन मँडेल्स्लो नावाचा तरुण जर्मन प्रवासी सुरतेस येऊन या घरात राहिला. त्या वेळी विल्यम मेथवोल्ड प्रेसिडेंट होता. सकाळी सहा वाजता व रात्री आठ वाजता सर्वांनी मिळून प्रार्थना, रविवारी ती तीन वेळा, प्रत्येकाचे काम नेमलेले, कामाची घटका नेमलेली आणि विश्रांतीचीही नेमलेली, अशी तेथील शिस्त पाहून तो प्रसन्न झाला. प्रेसिडेंटविषयी इतर व्यापाऱ्यांच्या ठायी जो आदर होता त्याचाही तो मुद्दाम उल्लेख करतो. पुढे शतकाच्या अखेरीस आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन सांगतो की, जेवावयास सारे एकाच मेजावर बसत आणि ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे जागा ठरलेल्या असत. म्हणजे कारकुनास आपला मुख्य अंमलदार दिवसातून चार-चार वेळा दिसत होता, त्याच्याबरोबर तो गुडघे टेकीत होता, त्याच्याच मेजावर अन्न घेत होता. आणि इतके असूनही, मेजाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत बोललेला शब्द वाटेतल्या प्रत्येक दर्जाच्या कानावरून गेल्यावाचून पोहोचत नसल्यामुळे, ज्या बोलण्याला एकांत लागतो ते बोलणे त्या मेजावर उच्चारणे शक्यच नव्हते. सहवास आणि भेट या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे त्या लांब मेजाइतके स्पष्टपणे दाखविणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. आजही कित्येक अधिकारी मोठ्या प्रामाणिकपणे म्हणतात की, आम्ही तर दिवसभर सर्वांच्या मध्येच बसलेले असतो, आम्हांस निराळे भेटण्याची गरज ती काय? मेथवोल्डसही तसेच वाटले असेल.

मँडेल्स्लोने आणखी एक हकीकत दिली आहे. दर शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर प्रेसिडेंटकडे एक लहानशी बैठक भरे. ज्या दिवशी आपण इंग्लंडचा किनारा सोडला आणि बायकांचा निरोप घेतला तो वार शुक्रवार, म्हणून त्या वारी घरच्या माणसांची आठवण काढून त्यांच्या नावाने पेला उचलावयाचा, असा तिचा हेतू होता. सात समुद्रांपलीकडे, पत्राचे उत्तर येण्यास वर्ष उलटून जाई अशा काळी, आठवड्यातील एक संध्याकाळ मनातले बोलण्यासाठी राखून ठेवावी असे ज्या माणसास सुचले, त्याच्या अंतःकरणाचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. वार नेमलेला, वेळ नेमलेली, व्यापाराचा विषय बाजूला ठेवलेला! चांगल्या भेटीस जे काही लागते ते जवळजवळ सर्व तेथे होते. परंतु त्या बैठकीस बोलावणे जाई ते प्रेसिडेंटच्या नात्यातल्या तिघा व्यापाऱ्यांना. सालिना १० पौंडांवर आलेल्या, अजून बायको करण्याचेही वय न झालेल्या एखाद्या पोराला शुक्रवारची आठवण येत नव्हती असे थोडेच आहे?

या घराच्या बाहेर, शहरात, एकांतातील भेटीला निराळाच धोका होता. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि तेथून त्याने बोलणी करण्याच्या मिषाने एक तरुण वकील महाराजांच्या गोटात पाठविला. बोलता बोलता त्या तरुणाने लपविलेला खंजीर उपसला आणि तो महाराजांच्या अंगावर धावला. पहाऱ्यावरील शिपायाने त्याचा हात वरच्यावर तोडला म्हणून पुढील अनर्थ टळला. भेटीस आलेल्या माणसाचा भरवसा काय, हा प्रश्न त्या काळी असा रक्ताने लिहिलेला होता. म्हणूनच मराठी राज्यकारभारात भेटीच्या आधी ‘कौल’ देण्याची रीत पडली. ज्यास भय आहे त्याने आधी अभय मागावे, बेलभंडार उचलून शपथ व्हावी, खातरजमा झाल्यावर मगच त्याने समोर यावे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: अभय मागण्याचा हक्क दुर्बळ पक्षाचा, आणि ते आधी देण्याची जबाबदारी प्रबळ पक्षाची, असे त्या लोकांनी मानले होते. त्या काळच्या पत्रांतही असाच सावधपणा दिसतो. चार ओळींचा मजकूर लिहून झाल्यावर बाकीचा अर्थ पत्र नेणारा मुखजबानी निवेदन करील, असे सांगून लेखणी थांबते. जे खरे महत्त्वाचे, ते कागदावर उतरले की परक्याचे होते, आणि विश्वासाच्या माणसाच्या तोंडी राहिले तरच आपले राहते, हे त्यांस ठाऊक होते. हाताखालच्या माणसाशी एकांतात बोलताना समोर वही उघडून त्याचा शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्या आजच्या अंमलदारांनी या जुन्या पत्रलेखकांचे थोडे ऐकावे.

कौल न मिळाल्यास काय घडते, याचा दाखला सुरतेनेच पाच वर्षांनी दिला. १६६९ च्या सप्टेंबरात, काजीच्या धार्मिक जुलुमाने आणि खंडणीने हैराण झालेले वाणी-महाजन आपल्यातील प्रमुख माणसे घेऊन इंग्रज प्रेसिडेंट जेराल्ड आँजियर याच्याकडे गेले. त्यांचा पुढारी भीमजी पारेख. हा कंपनीचाच दलाल, म्हणजे एका अर्थी आँजियरचा माणूस. आम्हांला मुंबईत आसरा द्याल काय, हे त्यांचे मागणे. आँजियरपुढे पेच मोठा होता. मुंबई वाढवावी ही त्याची मनापासूनची इच्छा, आणि मुंबईस नेमकी अशाच धनवान व्यापाऱ्यांची गरज; पण त्यांना उघड आश्रय द्यावा तर मोगलांची इतराजी होऊन सुरतेची वखार बुडावयाची. त्याने त्यांना होकारही दिला नाही आणि उडवाउडवीची उत्तरे देऊन माघारीही लावले नाही. तुम्ही तूर्त अहमदाबादेकडे जावे आणि तेथून बादशहाकडे अर्ज करावा, असा आपल्या अडचणीसह सरळ सल्ला दिला. माझ्या मते या शहराच्या इतिहासातील धनी व चाकर यांच्यामधील ही सर्वांत उमदी भेट होय. आलेल्या माणसाला हवे ते मिळाले नाही. पण आपण कोठे उभे आहोत आणि समोरचा कोठे उभा आहे, हे कळून तो बाहेर पडला.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. कुटुंबांची आठ हजार कर्ती माणसे, बायकामुले आप्तांच्या स्वाधीन करून, सुरत सोडून भडोचेस निघून गेली. काजीने त्यांना अडविण्याचा हट्ट धरला, तेव्हा सुभेदाराने, ही बादशहाची रयत आहे, तिला वाटेल तेथे जाता येते, असे सांगून हात वर केले. टांकसाळ बंद, सराफी बंद, बाजारात नाणे मिळेना. शेवटी औरंगजेबाकडून अभयाचे आश्वासन आले तेव्हा, डिसेंबराच्या उत्तरार्धात, महाजन परतले. एका काजीने जे ऐकून घेतले नाही, ते ऐकविण्यासाठी अख्ख्या शहराला तीन महिने मुके राहावे लागले.

सुरतेच्या नावाशी आपणा मराठी माणसांच्या मनात जडलेली दुसरी तारीख आहे २७ डिसेंबर १९०७. राष्ट्रसभा म्हणजे काँग्रेस तेथे दुभंगली, ती तत्त्वांच्या मतभेदाने दुभंगली हे खरेच. बहिष्कार, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांविषयीचे कलकत्ता अधिवेशनातले ठराव सौम्य होणार की काय, या शंकेने जहाल पक्ष अस्वस्थ होता. पण त्या मतभेदाची चर्चा भर मंडपात, हजारोंच्या आरडाओरडीत व्हावी लागली, याचे कारण ती त्याआधी चार भिंतींच्या आत होऊ शकली नाही. टिळक व त्यांचे सहकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना भेटले आणि ती भेट समाधानाची झाली. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांची गाठ मात्र पडली नाही. ते पूजेत आहेत, त्यांना सवड नाही, असे उत्तर मिळाल्याचे टिळकपक्षाने नोंदवून ठेवले आहे. मग दुसऱ्या दिवशी टिळकांनी, अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेवर मला बोलावयाचे आहे, अशी चिठ्ठी मालवींकडे धाडली. उत्तर नाही. पुन्हा आठवण दिली, तरी उत्तर नाही. तेव्हा ते व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. राशबिहारी घोष भाषण वाचू पाहतात, स्वयंसेवक टिळकांना खाली ओढू पाहतात, एवढ्यात कोठून तरी एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, आणि पुढे खुर्च्या व काठ्या. मालवींची बाजू अगदी पोकळ होती असे मी म्हणणार नाही, आणि अर्ध्या तासाच्या भेटीने राष्ट्रसभा एकसंध राहिली असती असे ठामपणे सांगण्याचे धाडसही करणार नाही. परंतु खुर्चीवरील माणसाकडे खाली बसलेल्याने पाठविलेली ती न वाचल्यासारखी चिठ्ठी मला त्या जोड्याहून अधिक दुःखदायक वाटते. टिळकांसारख्या पुरुषाची ही गत. तेथे सामान्य कारकुनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या किती मेजांच्या खणांत पडून राहिल्या असतील?

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी एका व्यापारी पेढीवर पत्रव्यवहाराच्या कामास होतो. तेथील मुख्य व्यवस्थापक भला माणूस होता. महिन्यातून एकदा तो आम्हां प्रत्येकास खोलीत बोलावी आणि ‘काही अडचण?’ असे विचारी; पण विचारताना त्याची नजर समोरच्या पत्रांवरून हलत नसे आणि उजवा हात सही करीत असे. ‘काही नाही’ हे उत्तर मी तेथे दोन वर्षे दिले. त्या दोन वर्षांत माझ्या घरी काय काय घडून गेले ते त्याला कळले असते तर तो हळहळला असता, याविषयी मला आजही शंका नाही.

याच्या उलट, अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२८ पासून पुढे दोन-तीन वर्षांत सुमारे २१,००० कामगारांच्या एकेकट्याने मुलाखती घेतल्या गेल्या. आरंभी प्रश्नांची यादी ठरविलेली होती: उजेड पुरेसा आहे काय, मुकादम कसा वागतो, वगैरे. परंतु कामगार यादी सोडून भलतेच काही बोलू लागत आणि पुन्हा पुन्हा तेथेच परत येत, असे दिसून आल्यावर यादी टाकून देण्यात आली. त्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, उपदेश करू नये, एवढेच नियम उरले, आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबली. पुढे १९८३ मध्ये इंटेल या कंपनीचे अध्यक्ष अँड्र्यू ग्रोव्ह यांनी आपल्या ग्रंथात हीच गोष्ट कारभाऱ्याच्या भाषेत मांडली: ही भेट हाताखालच्या माणसाची आहे, विषयांची टाचणे त्याने करून आणावी, निदान तासभर तरी द्यावा, आणि शक्य तर वरिष्ठाने उठून त्याच्या जागी जावे. बेलभंडार देणाऱ्यांना या शेवटच्या सूचनेचे नवल वाटले नसते.

आता पुन्हा तापीकडे. ही नदी खानदेशातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्याच खोऱ्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या कापडधंद्याकडे आली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आज मराठी आणि अहिराणी ऐकू येते. यंत्रमागावरचा यांतला पुष्कळसा कामगार ज्याच्या मालासाठी राबतो त्या शेठशी वर्षानुवर्षे दोन वाक्ये बोललेला नसतो. त्याला कामावर आणणारा मुकादम बहुधा त्याच्याच भागाचा, कामगाराचे गाऱ्हाणे वर नेणारा तोच आणि वरचा हुकूम खाली आणणाराही तोच. कंपनीच्या काळी विणकर आणि वखार यांच्यामध्ये दलाल उभा होता, आणि विणकराच्या हाती पडलेल्या दादनीवर, म्हणजे आगाऊ उचलीवर, त्याचा ताबा होता. त्या मधल्या माणसाची जागा तीनशे वर्षांत रिकामी झाली नाही. त्याचा मी द्वेष करीत नाही. परक्या शहरात उतरलेल्या पोराला पहिल्या रात्री भाकरी तोच देतो. पण ज्याला शेठने ऐकावे असे काही सांगावयाचे आहे आणि ते नेमके मुकादमाविषयीच आहे, त्याने कोणाकडे जावे?

सुरतेच्याच हिऱ्याच्या कारखान्यातली बैठक निराळी. घंटीभोवती, म्हणजे हिरे घासण्याच्या चक्कीभोवती, चार-चार, सहा-सहा रत्नकलाकार समोरासमोर बसतात, आणि घासलेला खडा घेऊन प्रत्येकजण दिवसातून कितीतरी वेळा मॅनेजरपुढे जातो. मॅनेजर भिंग डोळ्याला लावतो, खडा दिव्याकडे फिरवतो, पैलूचा कोन, तळाचे टोक, राहिलेला डाग बारकाईने न्याहाळतो आणि खडा परत देतो. इतक्या जवळून, इतक्या वेळा, इतक्या लक्षपूर्वक होणारी भेट दुसऱ्या कोणत्याही धंद्यात क्वचितच असेल, आणि तिच्यात दोघांची नजर त्या खड्यावर खिळलेली असते. अलीकडे परदेशी मागणी उतरली, कामाचे तास घटले, काही कारखान्यांना लांबलचक सुट्या द्याव्या लागल्या, आणि जीव नकोसा होऊ लागलेल्या कारागिरांसाठी त्यांच्या संघटनेने २०२४ च्या जुलैत दूरध्वनीचा एक क्रमांक जाहीर केला. त्यावर जे आवाज आले ते मुलांच्या शाळेची फी, घराचा हप्ता, थांबलेली मजुरी यांविषयीच बोलत होते. त्यांतले कित्येकजण आदल्या आठवड्यापर्यंत रोज, भिंग लावलेल्या माणसासमोर, हातभर अंतरावर उभे राहत आले होते.